फराळ-मसाल्याच्या घरगुती व्यवसायात एआय: सुरुवात कुठून करायची

दोन-चार बायका हाताशी, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, हिशेब वहीत. अशा व्यवसायात चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारख्या एआयचा उपयोग नक्की होतो, फक्त जाहिरातीत सांगतात तिथे होत नाही. लिहिण्याची कामे ते झटपट उरकते: गिऱ्हाइकांना उत्तरे, याद्या, लांब मजकूर आखूड करणे, पुरवठादाराला पत्र. आकडेमोड, कर, टिकण्याची मुदत, लेबलवरचा कायदा यांत मात्र ते बिनदिक्कत चुकीचे सांगते, आणि चुकताना त्याचा सूर जराही डळमळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर बेतल्या आहेत.

हाताशी काय हवे

- साधा स्मार्टफोन. त्यात जीबोर्ड कीबोर्ड आणि मराठी बोलून टाइप करण्याची सोय चालू केलेली.
- व्यवसायासाठी वेगळा जीमेल पत्ता. घरच्या पत्त्यावर खाते काढले की फोटो, नातेवाईक आणि ऑर्डरी यांची खिचडी होते.
- व्हॉट्सॲप बिझनेस ॲप. हे मोफत आहे.
- गूगल शीट्स, हेही मोफत.
- चालू दरपत्रक आणि प्रत्येक पदार्थाचे घटक वजनासह.
- एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक. जीएसटी असेल तर १५ अक्षरांचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने.
- एक कोरी वही. गंमत नाही, पहिल्याच पायरीला लागते.

१. एकच काम निवडा

‘सगळ्या धंद्याला एआय लावू’ म्हणणारे आठवड्याभरात कंटाळून सोडून देतात. एकच काम धरा आणि ते तीन कसोट्यांवर घासून बघा. ते रोज येते का? एआयने केलेले तुम्हाला मिनिटभरात तपासता येते का? आणि चूक निसटली तरी फार बिघडणार नाही ना?

काम शोधायला गेल्या महिन्यातल्या व्हॉट्सॲप गप्पा मागे सरकवत न्या आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न वहीत उतरवून काढा. तेच तेच प्रश्न फिरून येतात: चकली काय भावाने, कमीत कमी किती घ्यावी लागेल, किती दिवस टिकते, तेल कोणते, चिवड्यात लसूण आहे का, पुण्याला कधी पोचेल, अमेरिकेला पाठवता का. या प्रश्नांची उत्तरे तयार करणे हे सुरुवातीसाठी सर्वात सोयीचे काम. दर ठरवणे, कर काढणे, रेसिपी सुधारणे ही कामे आत्ता बाजूला ठेवा.

२. खाते उघडताना

ॲप उतरवण्याआधी नावाखालची बनवणाऱ्या कंपनीची ओळ वाचा. चॅटजीपीटीखाली ओपनएआय, जेमिनायखाली गूगल, क्लॉडखाली अँथ्रॉपिक असले पाहिजे. सारखेच चिन्ह आणि सारखेच नाव घेऊन पैसे मागणारी भलती ॲप्स फोनच्या ॲप स्टोअरवर असतातच. सुरुवातीला तिन्ही घेण्याची गरज नाही; एक घ्या आणि त्यावर महिनाभर टिका.

खाते उघडले की आधी सेटिंगमध्ये जा. तुमच्या गप्पा मॉडेलच्या, म्हणजे एआयमागच्या प्रणालीच्या, प्रशिक्षणासाठी वापरू देण्याची परवानगी तिथे असते. चॅटजीपीटीत ती ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये सापडते. ती बंद करा.

बंद केली तरी काही गोष्टी तिथे टाकायच्याच नाहीत: आधार-पॅनचे फोटो, बँकेचे उतारे, यूपीआय पिन, आणि गिऱ्हाइकांची नावे-पत्ते-नंबर असलेली यादी. उधारीच्या तगाद्याचा मसुदा हवा असेल तर ‘गिऱ्हाईक क्रमांक ७, बाकी ८५० रुपये’ एवढे पुरते. नाव पाठवताना हाताने घाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या भरवशावर दिलेला नंबर तिसरीकडे जाणे गिऱ्हाइकाला आवडत नाही.

३. व्यवसायाचे एक पान लिहा

खरे काम इथे आहे. बहुतेक जण ही पायरी वगळतात आणि मग ‘एआय काहीही सांगतो’ म्हणतात. तुमची चकली भाजणीची आहे की तांदळाची, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक नसले की ते गप्प बसत नाही, सर्वसाधारण माहितीवरून अंदाज ठोकून देते. म्हणून त्याला जे ठाऊक असायला हवे ते सगळे एका पानावर लिहा, गूगल डॉक्समध्ये ठेवा, आणि दर नव्या कामाच्या सुरुवातीला आधी तेच चिकटवा. चॅटजीपीटीत ‘प्रोजेक्ट’ करून ते कायमचे जोडून ठेवण्याची सोय आहे.

पानात काय असावे:

- व्यवसायाचे नाव, गाव, फोन घेण्याची वेळ, सुट्टीचा वार.
- प्रत्येक पदार्थ एका ओळीत: नाव, घटक, तेल की तूप, लसूण-कांदा आहे की नाही, पाकिटाची वजने, दर, किती दिवस टिकतो.
- ऑर्डरचे नियम: कमीत कमी किती, आगाऊ रक्कम किती, किती दिवस आधी सांगावे, रद्द केल्यास काय.
- पोचवण्याचे नियम: गावात कसे, बाहेरगावी कोणते कुरिअर, खर्च कोणाचा, फुटले-तुटले तर काय.
- काय करत नाही: साखरेशिवायचे लाडू, परदेशी पार्सल, उधारी, जे असेल ते. ही यादी सोडू नका. तुम्ही करत नसलेल्या गोष्टीला एआय मोठ्या प्रेमाने ‘हो’ म्हणते.
- लिहिणारे कोण. मालकीण बाई असेल तर तसे स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक उत्तरात ‘मी पाठवतो’, ‘मी कळवतो’ येते.

आणखी एक चौकट हवी, मापांची. आपली गिऱ्हाइके ग्रॅममध्ये बोलत नाहीत. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, दीड पाव म्हणजे ३७५ ग्रॅम, पाऊण किलो ७५० ग्रॅम, सव्वा किलो १२५० ग्रॅम, पावणेदोन किलो १७५० ग्रॅम, अडीच किलो २५०० ग्रॅम. हे पानावर लिहून ठेवले नाही तर ‘पावणेदोन’चे ‘पाव’ आणि ‘दोन’ असे तुकडे पडून सव्वादोन किलोची ऑर्डर तयार होऊ शकते. बोलून टाइप करताना एकोणसाठ-एकोणसत्तरचाही असाच घोळ होतो. रक्कम नेहमी आकड्यात तपासा.

पान दीड पृष्ठाच्या वर नेऊ नका, आणि वर तारीख घाला. दर बदलला की आधी पान बदलायचे, मग स्टेटस. जुने पान चिकटवून नव्या हंगामाची उत्तरे लिहून घेणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती थेट खिशाला लागते.

४. काम सांगण्याची पद्धत

‘दिवाळी फराळाचा मेसेज लिहून दे’ एवढे सांगितले तर ‘दिव्यांच्या या मंगलमय पर्वावर’ने सुरू होणारे वीस ओळींचे भाषण मिळते. असे सांगा:

‘वरच्या पानातलीच माहिती वापर. जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायचा व्हॉट्सॲप मेसेज लिही. ऑर्डर कधीपर्यंत द्यायची ते पहिल्या ओळीत सांग. मग पदार्थ आणि दर, एका ओळीत एक. सहा ते आठ ओळी. एकच इमोजी चालेल. पानात नसलेली कोणतीही माहिती घालू नकोस. काही कमी वाटले तर आधी मला विचार.’

शेवटचे वाक्य प्रत्येक वेळी घाला. त्याने अंदाज पूर्ण थांबत नाहीत, पण खूप कमी होतात. पहिला मसुदा पटला नाही तर नव्याने सगळे सांगत बसू नका. ‘तिसरी ओळ काढ, दर वर घे’ असे नेमके सांगा. सात-आठ फेऱ्या होऊनही जमेना तर नवी गप्पा उघडून पान पुन्हा चिकटवलेले बरे. गप्पा लांबली की आधीच्या सूचना ते विसरू लागते.

सणांच्या तारखा त्याला विचारू नका. २०२५ मध्ये उत्तरेत पुष्कळ ठिकाणी लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झाले, आपल्या पंचांगांत २१ ऑक्टोबरला होते. फराळ एक दिवस उशिरा पोचला तर कोणी ऐकून घेत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर बघून तारीख तुम्हीच पानात घाला.

५. उत्तरे व्हॉट्सॲपमध्ये बसवा

पहिल्या पायरीत काढलेले प्रश्न आणि तिसऱ्या पायरीतले पान एकत्र देऊन प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन ओळींचे उत्तर लिहून घ्या. तपासा. मग व्हॉट्सॲप बिझनेसच्या ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. तिथे ५० उत्तरे मावतात. प्रत्येकाला आखूड खूण द्या, जसे दर, तेल, पोच. गप्पेत तिरकी रेघ (/) मारून खूण टाइप केली की पूर्ण उत्तर येते. रात्री फोन बंद असतानाचा ‘अवे मेसेज’ही असाच करून ठेवा.

इथे एआय फक्त लिहिण्यापुरते आहे. पाठवणारे बोट तुमचेच, त्यामुळे भलतेच उत्तर गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, आणि खर्च शून्य.

‘एका क्लिकवर हजार जणांना मेसेज’ असे सांगून विकली जाणारी अनधिकृत सॉफ्टवेअरे टाळा. त्यामुळे व्हॉट्सॲप नंबरच बंद करते, आणि पाकिटावर छापलेला नंबर बंद पडणे म्हणजे काय ते सांगायला नको. अधिकृत ब्रॉडकास्ट यादी वापरा. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज जातो, म्हणून पहिल्या पार्सलसोबतच ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी टाका.

६. मराठी गाळून घ्या

या साधनांची मराठी आता व्याकरणात बरी असते, पण कानाला परकी लागते. हिंदीतून आलेले शब्द आधी पकडा: लोणच्याचे ‘अचार’, करंजीची ‘गुजिया’, कणकेचा ‘आटा’, फरसाणाचे ‘नमकीन’. मग जाहिरातीचा फुगवटा कापा: ‘सर्वोत्तम गुणवत्तेची हमी’, ‘चवीचा अविस्मरणीय अनुभव’, ‘प्रिय ग्राहक’. तुमच्या गावात ‘नमस्कार ताई’ म्हणत असाल तर तेच हवे.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुम्ही स्वतः पूर्वी पाठवलेले तीन-चार मेसेज चिकटवून ‘याच बोलीत लिही’ म्हणणे. आलेला मजकूर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तुमचे नाही. मोफत वापराची मर्यादा मराठीत लवकर संपते असे वाटले तर तो भास नाही. देवनागरी मजकुराचे ही साधने इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, आणि मर्यादा त्या तुकड्यांवर मोजली जाते.

७. आकडे: उत्तर मागू नका, सूत्र मागा

एआयला बेरीज ‘येते’ असे आपल्याला वाटते, कारण बहुतेक वेळा ती बरोबर असते. वीस ओळींच्या यादीत एक ओळ गळली तर कळायला मार्ग नसतो. म्हणून खर्चाचे आकडे गूगल शीट्समध्ये तुम्ही भरा, आणि एआयकडून फक्त कोणत्या खणात कोणते सूत्र घालायचे ते विचारा. सूत्र एकदा दोन-तीन ओळींवर हाताने तपासले की पुढे ते चुकत नाही.

खर्चाचे मथळे मागताना त्याने काय सोडले ते बघा. कच्चा माल आणि पाकीट ते धरते. तळताना पदार्थाने प्यायलेले तेल, गॅस, मोडलेल्या चकल्या, चाखायला गेलेला माल, बायकांची मजुरी आणि तुमची स्वतःची मजुरी बहुधा राहून जाते.

नफ्याच्या टक्क्यात तर ठरलेला घोळ आहे. समजा किलोला खर्च ३०० रुपये आणि ‘२५ टक्के नफा’ हवा. खर्चावर २५ टक्के म्हणजे विक्री ३७५. विक्रीतले २५ टक्के म्हणजे विक्री ४००, कारण ३०० ला ०.७५ ने भागायचे. तुम्हाला कोणते हवे ते सांगितले नाही तर एआय स्वतःच ठरवते, बहुधा पहिले. दुकानदार ‘मला २० टक्के सोडा’ म्हणतो तेव्हा तो विक्रीतले म्हणत असतो, हेही लक्षात ठेवा.

पुढे कर. ४०० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४२०, आणि एमआरपी करासह छापायची. उलट काढताना ४२० चे ५ टक्के २१ होतात, पण कर २० आहे. ४२० ला १.०५ ने भागायचे.

कराचे दर मात्र एआयला विचारूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले, आणि पाकीटबंद फरसाण-चिवडा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या मॉडेलची माहिती त्याआधीची आहे ते आजही शांतपणे १२ टक्के सांगेल. दर सीएकडून घ्या आणि पानात तुम्ही लिहा. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. एआयने बनवलेल्या बिलाच्या नमुन्यात जीएसटीची ओळ आपसूक येते, ती काढा.

८. लेबलचा मजकूर

लेबलची मांडणी आणि वाक्ये लिहून घ्यायला हरकत नाही, तथ्ये तुमची हवीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, नाव-पत्ता, एफएसएसएआय क्रमांक, एमआरपी. शेंगदाणे, दूध, गहू यांची ॲलर्जीची सूचना.

तीन ठिकाणी एआय लेबल बिघडवते. पोषणमूल्यांचे आकडे ते मनाने भरते. ते छापू नका, प्रयोगशाळेतून किंवा जाणकाराकडून काढून घ्या. ‘सहा महिने टिकते’ हेही ते मनानेच सांगते. तुमचे तेल, तुमचे पाकीट आणि तुमच्या गावची हवा त्याला माहीत नाही. रत्नागिरीच्या पावसाळ्यात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात एकच चिवडा सारखा टिकत नाही. आणि तिसरे म्हणजे दावे. मेथीच्या लाडवाला ‘मधुमेह नियंत्रणात ठेवतो’, हळदीला ‘रोग बरे करते’ अशी वाक्ये न मागता येतात. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार बंदी आहे. काम सांगतानाच ‘आरोग्याचा कोणताही दावा नको’ लिहा.

९. फोटो

एआयकडून पदार्थाचे चित्र काढून घेऊ नका. चकलीची जिलबी होते, करंजीचा सामोसा होतो. आणि चित्र चांगले आले तरी ते तुमच्या मालाचे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला जागा नाही. खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, स्टीलच्या ताटात खरा फोटो काढा. मागचा पसारा पुसायला एआय वापरा. चित्रावरची देवनागरी अक्षरेही त्याच्याकडून घेऊ नका, जोडाक्षरे आणि ‘ळ’ फाटतात. अक्षरे कॅन्व्हामध्ये मुक्त किंवा बलू या फाँटमध्ये स्वतः टाका.

१०. वहीतून शीटमध्ये

ऑर्डरच्या वहीचा फोटो देऊन तक्ता करून घेता येतो, आणि दिवाळीच्या आधी याने बराच वेळ वाचतो. दिवसाच्या उजेडात, एका फोटोत एकच पान, वही सपाट. गिऱ्हाइकांची नावे-नंबर पानाच्या एका कडेला लिहिण्याची सवय लावा, म्हणजे फोटो काढताना ती पट्टी झाकता येते. सूचना अशी: ‘क्रमांक, पदार्थ, वजन ग्रॅममध्ये, रक्कम असे चार स्तंभ कर. जे नीट वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नकोस.’

हाताने लिहिलेला १ आणि ९, ४ आणि ५ यांत गल्लत होते. पानाची बेरीज वहीत आधी हाताने करून ठेवा. शीटची बेरीज तिच्याशी जुळली नाही तर ओळ-ओळ बघायची. जुळली तरी पदार्थांचे कॉलम एकदा डोळ्यांखालून घाला, कारण चिवड्याचे वजन चकलीच्या ओळीत गेले तरी रकमांची बेरीज तीच राहते.

११. पैसे आणि बॉट

वर सांगितलेले सगळे मोफत खात्यावर होते. मर्यादा आठवड्यातून दोन-तीनदा आडवी येऊ लागली तरच पैसे भरण्याचा विचार करा. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी महिना ३९९ रुपयांची ‘गो’ योजना आणली आणि त्या नोव्हेंबरपासून ती वर्षभर मोफतही देऊ केली. असे मोफत वर्ष घेताना यूपीआय ऑटोपेची मंजुरी मागितली जाते. मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि नको असेल तर तुमच्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन मंजुरी रद्द करा. फोनमधून एआयचे ॲप काढून टाकल्याने कपात थांबत नाही.

गिऱ्हाइकांशी आपोआप बोलणारा बॉट विकायला कोणी आला तर तीन गोष्टी विचारा. तो व्हॉट्सॲपच्या अधिकृत व्यवस्थेवर चालतो का? मेसेजमागे खर्च किती? गिऱ्हाइकाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तास उत्तरे मोकळेपणी देता येतात. त्यानंतर ठरावीक नमुन्याचे, पैसे पडणारे मेसेजच जातात. आणि बॉटने चुकीचा दर सांगितला तर निस्तरायचे कोणी? कॅनडात २०२२ मध्ये एअर कॅनडाच्या बॉटने प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला होता, आणि फेब्रुवारी २०२४ च्या निकालानुसार भरपाई विमान कंपनीला द्यावी लागली. बॉट आमच्यापासून वेगळा आहे, तो स्वतःच जबाबदार आहे, हे कंपनीचे म्हणणे तिथल्या न्यायाधिकरणाने मानले नाही. दिवसाला पन्नासेक मेसेज असतील तर पाचव्या पायरीतले क्विक रिप्लाय पुरतात. बॉट घेतलाच तर दर, आगाऊ रक्कम आणि तक्रार या तीन विषयांवर त्याने ‘ताई फोन करतील’ एवढेच म्हणावे असे ठरवून घ्या, आणि ते लेखी घ्या.